वाघ पुसताना

मागच्या मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेतून
शिवलीलेनं वाघ आणला होता, पन्नास रुपयांचा.
समोर धरला की बघायचा,
जरा कलता केला की एक डोळा मिटायचा.

तो मी थिनरनं पुसला.
आधी मिशा गेल्या, मग जबडा.
उदगीरच्या देगलूर रोडवरचं माझं मोबाईलचं दुकान
दोन दिवस रंगाऱ्याच्या घरासारखं वास मारत होतं.
वाघ संपला, पट्टे राहिले:
प्लास्टिकवरच्या बारीक उभ्या सऱ्या,
ऊस लावायच्या आदल्या दिवशीचं रान जसं.

दुसरं चित्र मोराचं, मठपती सरांच्या नातवाचं.
बदल्यात त्याच्या मोबाईलला नवी काच.
उभ्या सऱ्यांवर आडव्या सऱ्या ठेवल्या
आणि जिथं जिथं छेद, तिथं एक भिंग उगवलं,
मोहरीहून बारीक.
मोजायला बसलो. पाचशेच्या पुढं गेलो
आणि लाईट गेली.

मायक्रोस्कोप याकूबभाईच्या भंगारातला,
बुडाला पांढऱ्या रंगात लिहिलेलं: पशुवैद्यक, १७.
किती देवणी बैलांचं रक्त बघून माझ्याकडं आला, देव जाणे.
नळी दीड इंची पाइपची, आतून फळ्याचा काळा रंग.
कॅमेरा बंद पडलेल्या स्टुडिओचा,
कार्डात कुणाच्या तरी हळदीचे बारा फोटो तसेच.
ते मी पुसले नाहीत.

महानंदा विचारते, याचा उपयोग काय.
मी सांगतो:
साधा कॅमेरा उजेडाची नुसती डोकी मोजतो.
हे भिंगांचं रान मात्र
एसटी स्टँडवरच्या म्हाताऱ्यासारखं
येईल त्या किरणाला थांबवून विचारतं,
पाव्हणं, कुणीकडनं आलात?
सगळ्यांची गावं लिहून ठेवली
की कोण कुठून निघालं होतं ते मागाहून, निवांत, काढता येतं.
फोटो आधी. फोकस नंतर.
ती म्हणाली, आणि एवढ्या चौकशीत जागा किती जाते?
बरोबर पकडलं तिनं.
चोवीस मेगापिक्सेल आत जातात,
बाहेर पडतं पोस्टाचं तिकीट.

थेंब ड्रमातला घेतला, टँकर येऊन सहा दिवस झालेले.
एकच फोटो.
लॅपटॉपनं चाळीस मिनिटं हिशेब केला, पंखा कोकलत.
पट्टी सरकवली: शेवाळाचा धागा.
अजून खाली: कचरा, कचरा,
आणि त्याच्या मागं, फोटो काढताना मला न दिसलेला
सायक्लॉप्स.
एकच डोळा, शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या.
नारूच्या काळात आडात हाच असायचा;
अण्णांच्या पोटरीवर त्या काळाचा वण होता,
आभाळ आलं की खाजवायचे.
एवढासा, धुरकट, दातेरी कडांचा.
तिकीट तर तिकीट.

सकाळी थेंब काचेवर वाळून गेला होता.
परत पट्टी सरकवली.
तो होता.

मग उगाच हळदीचे फोटो उघडले.
नवरी लख्ख. हळद लख्ख. अंगठीतलं कोंदणसुद्धा.
मागं दारात एक बाई, पदर दातात धरलेली,
पुसट.
इथं पट्टी नाही.
तिचा उजेड आला तेव्हा
कुणी विचारलंच नव्हतं, कुणीकडनं.

शिवलीला तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.
चौथ्या दिवशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली,
वर, खाली, वर.
कितीही खोल गेलं तरी डाव्या कोपऱ्यातला
एक केशरी ठिपका जागचा हलेना.
तिथं थिनर पोचलं नव्हतं.
काढून टाकतो म्हणालो.
राहू दे, म्हणाली.
बघतोय तो.